माझंच नाव का घेतलं?

मार खाल्लेल्या माणसाला सुरुवातीचे प्रश्न इतर लोक विचारतात. दवाखान्यात विचारतात, कुठे कुठे लागलं. पोलीस ठाण्यात विचारतात, कोणी मारलं, कशानं, किती वाजता. कोर्टात समोरचा वकील विचारतो, अंधार होता तर चेहरा ओळखलात कसा. ही सगळी उत्तरं देऊन होतात, टाके निघतात, फाइल कपाटात जाते. मग मागे उरतो तो त्या माणसाचा स्वतःचा प्रश्न, आणि तो ऐकून घेणारं टेबल कुठल्याच कचेरीत नसतं. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या पाड्यांवर ‘डाकीण’ ठरवून मारलेल्या, घर सोडायला लावलेल्या बाईचा प्रश्न साधा असतो. गावात एवढ्या बाया होत्या, मग माझंच नाव का घेतलं?

वर्षं उलटली तरी हा प्रश्न जुना होत नाही. जखम भरण्याची म्हणून जी प्रक्रिया आपण समजतो, तिच्यात या प्रश्नाला फार मोठी जागा आहे असं मला वाटतं. आपल्या कायद्यात आणि आरोग्यव्यवस्थेत मात्र ती जवळपास नाही.

आधी नाव येतं कसं ते पाहू. नंदुरबार हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि त्यातले 69 टक्के लोक आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी, वसावे. उत्तरेला नर्मदा. अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके डोंगरातले. इथलं गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीनं वसलेली घरं नव्हेत. एकेक पाडा एकेका टेकाडावर, दोन घरांमध्ये शेत, नाला, कधी अख्खी दरी. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात. तिला वर्तमानपत्रांनी ‘बांबूलन्स’ असं नावही देऊन टाकलं. अशा पाड्यावर रात्री पोर तापानं फणफणलं, तर डॉक्टर पाच-सहा तासांच्या अंतरावर आणि भगत अर्ध्या तासाच्या. माणूस भगताकडे जातो. त्याला आपण अंधश्रद्ध म्हणून मोकळे होतो, पण त्या रात्री त्याच्यासमोर दुसरं कोणतं दार उघडं होतं, हेही विचारायला हवं.

भगत, कुठे त्याला बडवाही म्हणतात, दाणे पाहतो. सुपात किंवा पानावर धान्य घेऊन, मंत्र पुटपुटत त्याची मांडणी लावतो आणि दोष कुठला ते सांगतो. देव रागावला असेल तर कोंबडं, बकरं, नवस. गोष्ट तिथे मिटते. पण पोर दगावलं, पाठोपाठ दुसरं आजारी पडलं, बैल मेला, की दाणे वेगळं बोलू लागतात. भगत बहुधा सरळ नाव घेत नाही. दिशा सांगतो, घराची खूण सांगतो, ‘जवळचीच आहे’ म्हणतो. उरलेलं काम ऐकणारे करतात. कोणाशी बांधावरून भांडण झालं होतं, कोण परवा दाराशी येऊन पोराकडे टक लावून बघत होती, कोण विधवा असूनही जमीन कसते आहे. नाव आधीच मनात असतं. भगत त्याला फक्त वाट मोकळी करून देतो.

अभ्यासकांनी हे पुष्कळ तपासलं आहे. गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी या प्रथेवरच्या आपल्या संशोधनात जमिनीवर हक्क असलेल्या विधवांकडे बोट जास्त वळतं हे दाखवलं. इतिहासकार अजय स्करिया यांनी 1997 साली ‘पास्ट अँड प्रेझेंट’ या नियतकालिकात डांग आणि आसपासच्या भिल्ल मुलखातल्या वसाहतकालीन घटनांवर दीर्घ लेख लिहिला. डांग म्हणजे नंदुरबारच्या नवापूर तालुक्याला लागून असलेलाच प्रदेश. संशयित बाईला झाडाला उलटं टांगून झोके देणं, डोळ्यांत मिरची घालणं, या ‘परीक्षा’ तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांत नोंदलेल्या आहेत. इंग्रजांनी बंदी घातली, मारणाऱ्यांना शिक्षा केल्या. प्रथा गेली नाही.

ती का गेली नाही, याचा सर्वांत चांगला खुलासा मला सातपुड्यापासून फार दूर, तेव्हाच्या सुदानमधल्या अझांदे लोकांवरच्या पुस्तकात सापडतो. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी ते 1937 साली प्रसिद्ध केलं. त्यातलं धान्याच्या कोठाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. खांबांवर उभं केलेलं कोठार दुपारी सावलीला बसलेल्या माणसांवर कोसळतं. खांब वाळवीनं पोखरले होते हे अझांदेंना चांगलं ठाऊक असतं. वाळवी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यांचा प्रश्न त्यापुढचा असतो. कोठार आज, याच घटकेला, हीच माणसं खाली बसलेली असताना का कोसळलं? ‘कसं’ याचं उत्तर वाळवी देते. ‘आम्हीच का’ याचं उत्तर चेटूक देतं.

आता हा खुलासा सातपुड्यात आणून ठेवा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नंदुरबारच्या आदिवासींमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई आणि बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक आई-बाप वरून ठणठणीत असतात. त्यामुळे एका घरात दोन-तीन लेकरं कावीळ, हातापायांच्या असह्य कळा आणि वारंवारच्या तापानं कुढत राहतात, एखादं जातं. शेजारच्या घरात त्याच नाल्याचं पाणी पिऊन पोरं धडधाकट असतात. जनुकांचं गणित माहीत नसलेल्या बापानं यातून काय अर्थ काढावा? ‘माझ्याच घरात का?’ हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. दुर्दैव असं, की या प्रश्नाला त्याच्यापर्यंत पोचणारं एकच उत्तर असतं, आणि त्या उत्तराला नाव, घर आणि चेहरा असतो.

म्हणजे मारणारा आणि मार खाणारी एकाच प्रश्नानं पछाडलेली असतात. माझ्याच पोराला का, माझंच नाव का. त्याला भगतानं उत्तर दिलं. तिला कोणी दिलं नाही.

कायद्यानं काय दिलं ते आता बघू, कारण काहीच दिलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी पुढची कैक वर्षं मंत्रालयाचे उंबरे झिजवले. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. या कायद्याच्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. त्यातली दोन डाकीण प्रकरणांना थेट लागू पडतात. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे गुरांचं दूध आटतं, रोगराई येते, असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. जारणमारण, करणी, चेटूक यांच्या नावाखाली कोणाला मारहाण करणं, नग्न धिंड काढणं, रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणं हाही गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड, दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे नुसतं ‘ती डाकीण आहे’ असं उठवणं हाच गुन्हा झाला, मारहाणीपर्यंत थांबायची गरज उरली नाही. हे मोठं पाऊल होतं.

कागदावरचं पाऊल डोंगरात पोचायला वेळ लागतो, ते निराळं. 30 डिसेंबर 2024 रोजी मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या रेट्याखेडा गावात, 77 वर्षांच्या एका आजीला जादूटोण्याच्या संशयावरून बांधून मारहाण झाली, मिरचीची धुरी दिली गेली, गळ्यात चपलांचा हार घालून धिंड काढली गेली. आरोप खुद्द गावच्या पोलीस पाटलावर होता. कायदा होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत जादूटोण्याच्या संशयातून झालेले खून 2021 साली देशभरात 68 आहेत आणि 2022 साली 85. हे फक्त खून. जिवंत राहिलेल्या बायांची स्वतंत्र मोजदाद या आकड्यांत नाही, आणि हे लिखाण तर त्यांच्याबद्दलच आहे.

जादूटोणाविरोधी कायद्यात एक तरतूद अशी आहे, की गुन्हा शाबीत झाल्यावर दोषी माणसाचं नाव-गाव स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. चांगली तरतूद आहे. पण तिची दुसरी बाजू कायद्यात नाही. जिचं नाव गावानं चव्हाट्यावर घेतलं, ते नाव त्याच चव्हाट्यावर धुऊन द्यायची सोय नाही. तिच्या पुनर्वसनाची सोय नाही, नुकसानभरपाईही नाही. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, सर्वसाधारण पीडित भरपाई योजनेखाली वेगळा अर्ज करायचा. आरोपी सुटले, तर गाव त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावतं: बघा, कोर्टालाही पटलं. आरोपींना शिक्षा झाली, तरी गावाचं मत बदलतंच असं नाही: बघा, अजून माणसं खाते आहे, आता तुरुंगात घालून. न्यायालय ‘यांनी हिला मारलं’ एवढं सांगतं. ‘ही डाकीण नाही’ हे कोणी सांगायचं?

या बाईच्या मनाचं आणि शरीराचं काय होतं, त्याबद्दल विज्ञानाला बरंच कळलं आहे. जिवावरच्या प्रसंगात मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. शरीरात अॅड्रेनलिनचा पूर येतो. त्याच वेळी हिप्पोकॅम्पस, म्हणजे घटनेला काळ-वेळ-जागेचा शिक्का मारणारा भाग, नीट काम करेनासा होतो. परिणाम असा, की प्रसंग आठवण म्हणून नीट जमा होत नाही. तो तुकड्यांत राहतो: मिरचीचा वास, ढोलाचा ठेका, एखाद्याच्या हातातलं कडं. आणि त्या तुकड्यांवर ‘हे होऊन गेलं’ असा शिक्का नसतो. वर्षांनंतर कोणी चुलीवर मिरची भाजली, की शरीर पुन्हा त्या रात्रीत जाऊन पोचतं. झोप उडते, बारीक आवाजाला दचकायला होतं, बाजाराला जाणं टळतं. मानसोपचारशास्त्रानं 1980 साली या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार म्हणून आपल्या अधिकृत यादीत जागा दिली; त्यामागे मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा रेटा होता. बोस्टनच्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की घरात किंवा ओळखीच्या माणसांकडून मार खाल्लेल्या बायांची लक्षणं युद्धातल्या सैनिकांसारखीच असतात. बरं होण्याचे त्यांनी तीन टप्पे सांगितले. आधी सुरक्षितता, मग घडलेलं सांगणं आणि त्याचा शोक करणं, मग माणसांत परतणं.

यातला पहिलाच टप्पा सातपुड्यात अडतो. सैनिक युद्ध संपल्यावर घरी परततो. शत्रू समुद्रापलीकडे राहतो. इथे मारणारा दीर असतो, चुलत सासरा असतो, वरच्या टेकाडावरचा शेजारी असतो. हापसा एकच. मोलगीच्या बाजारात मोहाची फुलं विकायला गेलं तर तोही तिथेच बसलेला. रेशनच्या रांगेत त्याची बायको पुढे. अशा ठिकाणी मेंदूला ‘धोका टळला’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून अनेक जणी माहेरी जातात, गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि तिकडेच राहतात. जमीन मागे राहते, आणि ज्याला ती हवी होती तो ती कसतो. कधी कधी ‘माझंच नाव का’ या प्रश्नाचं खरं उत्तर त्या सातबाऱ्यावरच लिहिलेलं असतं.

याच अक्राणी तालुक्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत हजारो लोक तो चढतात. तिथला देव अश्वत्थामा. कपाळाची न भरणारी जखम घेऊन तो या रानात फिरतो आणि वाटसरूंकडे तेल मागतो अशी समजूत आहे. कथेत झोपेतल्या पोरांना मारणाऱ्याच्याच कपाळावर ती जखम दिली आहे. प्रत्यक्षात तसं होत नाही. मारणारे बहुतेक वेळा रात्री शांत झोपतात.

उत्तरासाठी माणूस कुठवर जातो याचं या जिल्ह्यातलंच एक उदाहरण सांगतो. ते डाकिणीचं नाही, पण इथे चपखल बसतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये अक्राणी (धडगाव) तालुक्यात एका तरुण विवाहितेचा मृतदेह लटकलेल्या अवस्थेत सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हणून नोंद केली. बापाचं म्हणणं होतं, की तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं आहे आणि शवविच्छेदन नीट झालेलं नाही. त्यानं अग्नी दिला नाही. शेतात खड्डा खणला, त्यात मीठ भरलं आणि लेकीचा देह मिठात ठेवला. चाळीसहून जास्त दिवस. पावसाळ्याचे दिवस. बातमी राज्यभर गेली तेव्हा यंत्रणा हलली आणि सप्टेंबरच्या मध्यावर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुसरं शवविच्छेदन झालं. आदिवासी भागातला, राजधानीत ओळख नसलेला बाप. पुरावा नासला की प्रश्नही नासतो हे त्याला नेमकं कळलं होतं. आपण ते दृश्य भीषण म्हणून वाचलं. मला त्यात व्यवस्थेवरचा अविश्वास जितका दिसतो, तितकाच व्यवस्थेवरचा विश्वासही दिसतो. कोणीतरी डॉक्टर खरं काय ते सांगेल, अशी खात्री असल्याशिवाय माणूस इतके दिवस मीठ ओतत राहत नाही.

वाचलेल्या बाईकडून आपण फार लवकर एक अपेक्षा करतो: आता विसर आणि पुढे जा. जी विसरली नाही अशा एका बाईची गोष्ट सर्वश्रुत आहे. झारखंडमधल्या सरायकेला-खरसावां जिल्ह्यातल्या बीरबांस गावच्या छुटनी महतो. 1995 साली शेजारची मुलगी आजारी पडली आणि छुटनींना डायन ठरवलं गेलं. पंचायतीनं पाचशे रुपये दंड केला. त्यांनी तो भरला. दंड भरून प्रकरण मिटेल असं वाटलं असणार, पण दंड भरणं म्हणजे कबुली असाच त्याचा अर्थ घेतला गेला. नंतर जमावानं मारलं, विष्ठा खायला लावली. चार मुलांना घेऊन त्या पळाल्या. पुढे जमशेदपूरच्या कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेच्या कामात त्या आल्या आणि बीरबांसलाच केंद्र उभं राहिलं. कुठे एखादीला डायन म्हटल्याची खबर आली, की त्या तिथे जाऊन धडकायच्या. पोलीस आधी, चर्चा नंतर. शंभराहून अधिक बायांना त्यांनी आधार दिला. 2021 साली पद्मश्री मिळाली.

छुटनींचं उदाहरण देताना मला थोडी भीतीही वाटते. प्रत्येक पीडितेनं लढवय्यी व्हावं, पुरस्कार घ्यावा, अशी एक नवीनच जबरदस्ती त्यातून तयार होते. ज्या बाईला फक्त आपल्या शेतात निर्धास्त निंदणी करायची आहे, तिचं बरं होणंही बरं होणंच आहे.

ज्युडिथ हर्मन यांनी तीस वर्षांनी, 2023 साली, आणखी एक पुस्तक लिहिलं. या वेळी त्यांनी हिंसाचारातून वाचलेल्यांना सरळच विचारलं: तुम्हाला न्याय म्हणजे काय हवं आहे? वाचकाला वाटेल, कडक शिक्षा. शिक्षेची मागणी होती, पण ती यादीत वर नव्हती. पहिलं मागणं होतं, की घडलं ते घडलं असं आजूबाजूच्या लोकांनी मान्य करावं. दुसरं, की दोष कोणाचा हे त्यांनी स्पष्ट म्हणावं आणि आपल्यावरचा डाग पुसावा. गुन्हेगाराच्या माफीपेक्षाही बघ्यांचं तोंड उघडणं अनेकांना मोलाचं वाटत होतं. पाड्यावर त्या रात्री जे मारत होते ते पाच-सहा. जे दारात उभे राहून बघत होते ते पन्नास. झोपेत छळतात ते पन्नास.

हे पुस्तक वाचताना मला अमेरिकेतल्या सेलमची गोष्ट आठवत होती. 1692 साली तिथे चेटकिणींचे खटले चालले आणि 19 जणांना फासावर चढवलं गेलं. त्यात 71 वर्षांची, चर्चमध्ये मान असलेली रिबेका नर्स होती. तिच्यावर आरोप करणाऱ्यांत अॅन पटनम ही बारा-तेरा वर्षांची मुलगी पुढे होती. दोन्ही घरांत जमिनीच्या हद्दीवरून जुनं वैर होतं, ही बाबही ओळखीची वाटावी. चौदा वर्षांनी, ऑगस्ट 1706 मध्ये, अॅनला चर्चची सदस्य व्हायचं होतं. त्यासाठी तिला भर प्रार्थनेत आपल्या जागी उभं राहावं लागलं. पाद्र्यानं तिचं निवेदन वाचून दाखवलं: मी निरपराधांवर आरोप केले, विशेषतः नर्स आणि तिच्या दोन बहिणींवर, मी त्याबद्दल क्षमा मागते. रिबेकाचे कुटुंबीय त्याच गावात राहत होते. सहा वर्षांनी चर्चनं रिबेकावरचा बहिष्कारही रद्द केला आणि तिच्या मुलांना यापुढे त्याचं दुःख राहू नये, असं कारण लिहून ठेवलं.

फाशी गेलेली माणसं परत आली नाहीत, आणि अॅननं सगळा दोष सैतानाच्या भुलवणीवर ढकलला होता. तिची माफी काही निर्मळ नव्हती. तरी जागा बघा. ज्या गावात नाव घेतलं गेलं, त्याच गावात, त्याच माणसांसमोर ते परत घेतलं गेलं. याउलट, स्कॉटलंडच्या तेव्हाच्या प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांनी 8 मार्च 2022 रोजी चेटकीण म्हणून छळलेल्या सुमारे चार हजार माणसांची संसदेत माफी मागितली. चांगलंच केलं. पण 1563 च्या कायद्याचे बळी आणि माफी यांच्यात इतकी शतकं होती, की ऐकायला कोणीच उरलं नव्हतं. सातपुड्यातल्या बाया जिवंत आहेत.

डॉ. दाभोलकरांच्या घरालाही या प्रश्नानं सोडलेलं नाही. 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयानं गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना पुराव्याअभावी सोडलं. जवळपास अकरा वर्षांनी. मुक्ता आणि हमीद दाभोलकर यांनी निकालाचं स्वागत केलं, पण सूत्रधार मोकळे आहेत हेही सांगितलं. कोणी मारलं, याचं उत्तर मिळालं. कोणी मारायला सांगितलं, हे अजून बाकी आहे. भगताचा शोध तिथेही संपलेला नाही, असं म्हणायचा मोह होतो.

मग नंदुरबारमध्ये करता येण्याजोगं काय आहे? मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक पाड्यावर जाणार नाहीत, हे उघड आहे. त्याची वाट बघायचीही गरज नाही. गोव्यातल्या ‘संगाथ’ या 1996 साली सुरू झालेल्या संस्थेनं दाखवून दिलं, की मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून सहा-आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना खरोखर बरं वाटायला लावू शकतात. 2017 साली ‘लॅन्सेट’नं त्या चाचणीचे निष्कर्ष छापले. नैराश्य आणि आघात या वेगळ्या गोष्टी आहेत, पण पद्धतीचा गाभा इथेही लागू पडतो: ऐकायला शिकलेलं, आपल्या बोलीत बोलणारं माणूस. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामातून ‘मानसमित्र’ ही कल्पना पुढे आली ती याच धर्तीवर. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या आशाताईला हे प्रशिक्षण मिळालं, तर तिला दुहेरी फायदा आहे. सिकलसेलची तपासणी करून ‘माझ्याच घरात का’ याचं खरं उत्तर ती बापाला देऊ शकते, आणि मार खाल्लेल्या बाईचं ऐकूनही घेऊ शकते. 14416 ही टेलि-मानसची हेल्पलाइन आहे. डोंगरात रेंज मिळाली तर तिचाही उपयोग आहे.

पण डाग पुसायचं काम आशाताईचं नाही. ते गावाचं आहे, आणि त्यासाठी गावाकडे दोन साधनं आहेत. एक जुनं. भिल्ल समाजात तंटा पंचांपुढे आणायचा, भरपाई ठरवायची आणि शेवटी दोन्ही बाजूंनी एकत्र बसून खायचं-प्यायचं, म्हणजे वैर संपलं, अशी रीत आहे. या रितीत पाहणारे साक्षीदार असतात, हे तिचं बळ. दुसरं साधन नवं. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके आहेत; 1996 चा पेसा कायदा तिथल्या ग्रामसभेला आपल्या रूढी जपण्याचा आणि रितीप्रमाणे तंटे सोडवण्याचा अधिकार देतो. अर्थात रूढी कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. ग्रामसभा ठराव करू शकते, की अमुक वर्षी अमुक बाईवर आपल्या गावानं खोटा आळ घेतला, ती डाकीण नाही, कोणीच डाकीण नसते, आणि तिची जमीन तिची आहे.

यात धोका आहे आणि तो लहान नाही. पंचांच्या बैठका आजवर बहुतेक पुरुषांच्याच राहिल्या आहेत, आणि ‘मिटवून टाका’ याचा अर्थ ‘केस मागे घे’ असा होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून क्रम उलटा करता कामा नये. फिर्याद आधी, खटला चालू, आणि ठराव त्याच्या जोडीला, बदल्यात नव्हे. बैठकीला दक्षता अधिकारी म्हणून नेमलेला पोलीस निरीक्षक हजर हवा. ठरावाचा मसुदा तिला आधी वाचून दाखवायचा, तिच्या बोलीत, आणि तिनं ‘हा शब्द नको’ म्हटलं तर तो काढायचा. ती यायलाच नको म्हणाली, तर तिच्या नावानं कोणतंही जेवण घालायचं नाही. भगतालाही बोलवायला हवं. त्याला मारायला किंवा हिणवायला नव्हे. त्या दिवशी दाण्यांत काय दिसलं होतं आणि कोणी काय कुजबुजलं होतं, हे त्यानं सगळ्यांसमोर सांगावं म्हणून. तिच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेला बहुधा तोच एक माणूस असतो. कित्येक भगत आता म्हातारे झाले आहेत.

ठरावाची नोंद इतिवृत्ताच्या वहीत होईलच. त्याची एक सही-शिक्क्याची प्रत तिच्या हातात द्यावी, एक पोलीस ठाण्यात आणि एक गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर लावावी. पुढच्या पावसाळ्यात पाड्यावर पुन्हा कोणाचं तरी पोर तापानं फणफणेल, आणि त्या रात्री दिशा दाखवायला कोणीतरी बसलेलं असेलच.